दिवाळीच्या १५० परड्यांची ऑर्डर: हो म्हणू का?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरून फराळ करून देते, ओळखीपाळखीत भेटीच्या परड्याही देते. आता सातपूरच्या एका कंपनीच्या एचआरकडून १५० परड्यांची विचारणा आली आहे. प्रत्येकी ९०० रुपये, जीएसटी धरून. आत चकली, चिवडा, बेसनलाडू, करंजी, काजू-बदाम, दोन पणत्या आणि अत्तराची छोटी बाटली हवी. चाळीसेक परड्या पुण्या-बंगळुरूला, घरून काम करणाऱ्यांकडे कुरिअरने जायच्या. पैसे मात्र बिलानंतर ६० दिवसांनी. फूड लायसन्स आणि जीएसटी नंबर आहे. नवरा म्हणतो, सोडू नकोस. हो म्हणू का?

पेठेतली_काकू:
हो म्हण, पण यादी तुझी आणि पैशाची अटही तुझी. तुपा-बेसनवाला तुला ६० दिवस थांबणार आहे का? निम्मे पैसे ऑर्डर पक्की होताना, उरलेले माल उचलायच्या आधी. मी पुण्यात हेच करते. यावर घोळ घालणाऱ्या कंपनीला सरळ नारळ देते.

यंदा (२०२६) अधिक मासामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणून वेळ भरपूर वाटेल. पण पितृपंधरवड्यात कोणी ऑर्डर पक्की करत नाही आणि ११ ऑक्टोबरला घट बसले की सगळ्यांना एकदम जाग येते. म्हणून रिकाम्या बरण्या आणि परड्या आधीच आणून ठेव. परड्या मी बुरूड आळीतून आणते. लवकर आणायच्या त्या दरासाठी नव्हे. ओल्या बांबूची परडी प्लास्टिकमध्ये गुंडाळली की आतून घाम धरते आणि विणीत बुरशीचे काळे ठिपके पडतात. पाऊस सरल्यावर गच्चीवर कडक उन्हात चांगली तापू दे. कुरिअरला परडी नकोच, कडी मोडते. त्या चाळिसांना जाड पुठ्ठ्याचा खोका.

करंजी ओल्या नारळाची तर अजिबात नको. मी तर तिच्याऐवजी शंकरपाळे घालते: टिकतात, मोडत नाहीत, वजनालाही भरतात. चकली पिशवीतून पाठवलीस तर बंगळुरूला भाजणीचा चुरा पोचेल. चकलीच्या मापाची गोल बरणी घे, एकावर एक रच, वरच्या पोकळीत बटरपेपरचा बोळा. बरणी कानाशी धरून हलव, खडखडली तर पुन्हा भर. लाडू वळल्या वळल्या डब्यात नको, आधी घट्ट होऊ देत.

खतावणी:
ताई, अत्तर आधी काढा. वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधून एकाच किमतीला विकल्या की जीएसटी कायद्यात तो मिश्र पुरवठा होतो. मग त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या परडीला लागतो. कायद्यातलं उदाहरणच मुळी मिठाई, चॉकलेट, सुकामेवा, शीतपेय अशा पॅकेजचं आहे. सप्टेंबर २०२५ पासून फराळ आणि काजू-बदाम ५ टक्क्यांत आहेत, अत्तर १८ मध्ये. म्हणजे ९०० तले तुमच्याकडे ७६३ राहतात, अत्तर नसेल तर ८५७. १५० परड्यांवर चौदा हजारांचा फरक, तोही बोटभर बाटलीपायी! शिवाय भेट म्हणून वाटलेल्या मालावर कंपनीला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, कर त्यांच्याही अंगावरच पडतो. एचआरला हे सांगा, ऐकतील.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, फुकट आहे. फराळ तुम्ही स्वतः करता, त्यामुळे २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा तुमच्या बाजूने आहे. त्यात लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला हे लागू नाही.

गोदाकाठ:
काकू, खतावणी, खूप आभार. एचआरच्या मॅडमशी बोलले. अत्तर गेलं, करंजीच्या जागी शंकरपाळे आले. ४५ दिवसांचं काढल्यावर त्या आगाऊ द्यायला तयार झाल्या, पण ३० टक्क्यांच्या वर जाईनात. बाकी माल उचलताना. घेऊ का?

पेठेतली_काकू:
३० टक्क्यांत सुकामेवा, बरण्या, परड्या निघतात का ते आधी मांड. निघत असतील तर घे. तूप-बेसन-तेल शेवटी लागतं, तोवर दुसरा हप्ता माग. आणि मॅडम बोलल्या ते ईमेलवर येऊ दे. दिवाळीच्या तोंडावर एचआर रजेवर गेलं की उचलायला येणारा माणूस म्हणतो, मला कोणी चेकचं सांगितलं नाही.

गोदाकाठ:
ईमेल मागितला आहे. आज बरणीवाल्याकडे एक चकली घेऊन जाते मापाला.

पेठेतली_काकू:
एक नको, चार-पाच ने. वेगवेगळ्या हातच्या ने. सगळ्यांच्या चकल्या सारख्या पडत नाहीत.