किराणा दुकानदारांच्या संघटना नेमक्या कोणासाठी भांडतात?

पेठेतला दुकानदार
बावीस वर्षं किराणा चालवतोय. एलबीटीविरुद्ध, म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, २०१३ च्या भर उन्हाळ्यात राज्यभर शटर खाली होती, त्यात माझंही होतं. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो कर गेला. संघटना नसती तर गेला नसता, हे मी आजही छातीठोक सांगतो.

पण आता? दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर बिस्किटाचा पुडा माझ्या खरेदीच्या भावापेक्षा स्वस्त दिसतो. संघटना काय करते, तर निवेदन देते. आता बंद पाळला तर गिऱ्हाईक उलट त्याच ॲपवर जाईल. माझं म्हणणं, संघटनेनं मोर्चे पुरे करावेत आणि सभासदांसाठी एकत्र खरेदी करावी. तालुक्यातल्या शंभर दुकानांचा साबण एका बिलावर आला तर कंपनीला भाव द्यावाच लागेल.

माल पोचवणारा
साफ असहमत. मी डिस्ट्रिब्युटर आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवला होता. मागणी एवढीच, की बड्या घाऊक कंपन्यांना जो भाव देता तो आम्हालाही द्या. तेव्हा किती दुकानदार आमच्यासोबत उभे राहिले? स्वस्त मिळतंय म्हणून तुमच्यातलेच कित्येक त्या बड्यांकडून माल उचलत होते. पुढे २०२४ मध्ये ॲपवाल्यांच्या भावाविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेला, तोही वितरकांचाच महासंघ.

आणि एकत्र खरेदी बोलायला सोपी. उधारी कोण देणार? मुदत संपलेला माल, उंदरांनी कुरतडलेली पाकिटं परत कोण घेणार? आज ते सगळं माझ्या अंगावर असतं.

माजी नोकर
दोघंही भावाबद्दलच बोलताय. मी सहा वर्षं एका दुकानात पुड्या बांधल्या. सकाळी सातला झाडू, रात्री दहाला शटर. राज्याचा २०१७ चा दुकाने कायदा आठवडी सुट्टी देतो, कामाचे तासही ठरवतो, पण हे सगळं आधी दहा आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त कामगार असतील तिथेच. किराणा दुकानात असतात दोन-तीन पोरं. या पोरांसाठी कुठल्या व्यापारी संघटनेनं ठराव केलाय? मराठी पाटीची सक्ती नको म्हणून मात्र मुंबईतल्या किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली! सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टानंच सांगितलं, दोन महिन्यांत पाट्या लावा. तो वकिलाचा खर्च कशासाठी होता?

पेठेतला दुकानदार
पाटीचं पटलं. माझी पाटी पहिल्या दिवसापासून मराठीत आहे, त्या खटल्याची मला लाजच वाटली. सुट्टीचंही खरं आहे. माझ्याकडचा पोरगा रविवारी अर्धा दिवस येतो, पूर्ण सुट्टी मी देत नाही. द्यायला हवी.

पण @माल पोचवणारा, उधारीची भीती दाखवून विषय संपत नाही. आमच्या गल्लीतल्या पाच दुकानांनी रोख पैसे मोजून एकच ऑर्डर दिली, तर कंपनीची पेटीमागची सूट, म्हणजे स्कीम, आमच्यापर्यंत पूर्ण सोडाल का? आत्ता ती निम्मी वरच अडकते.

माल पोचवणारा
रोख असेल तर सोडेन. पण माल एकाच दुकानी उतरवणार, आणि माल परत घेणार नाही. बाकीच्या चौघांकडून हे लेखी आणा, सोमवारी बोलू.

माजी नोकर
त्या पेट्या पाच दुकानांत वाहणार कोण, तेही त्याच कागदावर लिहा.