एसी-बल्क कूलरचे कॉल: पगारी पोरं आणि कंत्राटी मेकॅनिक यांच्यात वाटायचे कसे?

थंडगार४१६

नमस्कार मंडळी. काम कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यात आहे: स्प्लिट एसी, डीप फ्रीझर आणि दूध संस्थांचे बल्क कूलर (दूध थंड करणाऱ्या मोठ्या टाक्या). सहा टेक्निशियन पगारी, नऊ मेकॅनिक कंत्राटी, म्हणजे जॉबवर, कामागणिक पैसे. एरवी दिवसाला वीस-बावीस कॉल येतात, मार्च ते मे पन्नासच्या वर जातात.

आत्ताची पद्धत म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉल टाकायचा आणि जो आधी ‘घेतो’ म्हणेल त्याला द्यायचा. राजारामपुरी, ताराबाई पार्कातली जेट सर्व्हिस (दाबाच्या पाण्याने एसी धुणं) दोन मिनिटांत उचलली जाते. पन्हाळा, गारगोटी संध्याकाळपर्यंत तशीच पडून, शेवटी पगारी पोरांच्या गळ्यात. रिपीट कॉल (केलेल्या कामाची परत आलेली तक्रार) कोणाच्या नावावर टाकायचा यावरून रोज वाद.

कोणतं काम कोणाला द्यायचं, कंत्राटी लोकांचा दर कसा बांधायचा आणि यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का, एवढं सांगा.

---

बोर्डमास्तर

ग्रुपवर कॉल टाकणं आधी बंद करा. तो लिलाव आहे, वाटप नव्हे. लिलावात चांगला माल आधी जातो आणि सडका तुमच्याकडे उरतो.

बहुतेक जण ‘सोपं काम कंत्राटीला, अवघड पगारीला’ असं वाटप करतात. ते अर्धंच बरोबर आहे. खरी फाळणी वेळेवर करायची. ज्या कामाला किती वेळ लागणार हे फोनवरच कळतं ते कंत्राटीला. जे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही ते पगारीला. जेट सर्व्हिस पाऊण ते एक तास. नवीन स्प्लिट बसवणं, पाईप तीन-चार मीटर असेल तर तीन तास. एसी काढून दुसरीकडे बसवणंही तसंच मोजता येतं. अशा कामाचा जॉबदर ठरतो आणि घासाघीस होत नाही. उलट ‘थंड करत नाही’, ‘मधेच बंद पडतो’, ‘बोर्ड एरर दाखवतो’ या तक्रारी वीस मिनिटांतही मिटतात आणि चार तासही खातात. जॉबवरचा माणूस चार तास घालवून ३५० रुपये घेणार नाही. तो गॅस टाकून मोकळा होईल किंवा पीसीबी (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदला म्हणेल. त्यात त्याचा दोष कमी आणि तुमच्या दराचा जास्त.

आता हिशेब. पगारी माणसाचा पगार, पेट्रोल, बोनस, मोबाईल सगळं धरून महिन्याला २६,००० पडतात आणि २६ दिवस काम होतं असं धरा. म्हणजे रोज हजार रुपये, तो बसून राहिला तरी. कंत्राटीला जेट सर्व्हिसचे ३५० देत असाल तर पगारी माणसाचे तीन कॉल झाले की त्याचा दिवस वसूल. म्हणून ऑफ सीझनला कंत्राटीला काम देण्याआधी सहाही जणांचे वाटपाच्या बोर्डवरचे तीन-तीन खण भरा (एक खण म्हणजे एक कॉल). सीझनला मात्र उलटं करा: प्रत्येकाला चारच कॉल द्या, पाचवा खण रिकामा ठेवा. दुपारी तीन वाजता दवाखान्याचा फ्रीझर बंद पडला तर तो खण लागतो. सहा जणांचे चोवीस झाले, उरलेले सव्वीस नऊ जणांत म्हणजे माणशी तीन. जमतंय.

बल्क कूलर कंत्राटीला देऊच नका. दूध ४ अंशांपर्यंत खाली यायला हवं आणि संकलन सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी होतं. रात्री आठला कॉम्प्रेसर बसला तर टाकीतलं दूध सकाळची वाट बघत नाही. सहापैकी दोघांना फक्त यासाठी तयार करा आणि आलटून पालटून एकाची ड्यूटी दुपारी बारा ते रात्री नऊ लावा. त्याच्या गाडीत कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, एचपी-एलपी कटआउट (गॅसचा दाब फार वाढला किंवा पडला की मशीन बंद करणारे स्विच), फिल्टर ड्रायर, टेंपरेचर कंट्रोलर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हचे ओरिफिस असलेच पाहिजेत. गावातून परत दुकानात येऊन पार्ट नेणं म्हणजे तो कॉल हरलाच.

एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) गिऱ्हाइकंही पगारीलाच. दर तीन महिन्यांनी तोच कंत्राटी त्याच घरी गेला की चौथ्या वेळी फोन तुम्हाला येत नाही, त्याला जातो.

सॉफ्टवेअरचं एवढ्यात नको. साठ कॉलपर्यंत एक शेअर केलेली शीट पुरते: कॉल नंबर, भाग, कामाचा प्रकार, अंदाजे वेळ, लागणारा पार्ट, कोणाला, स्वीकारलं किती वाजता, संपलं किती वाजता. शेवटचे दोन रकाने रोज भरले जात नसतील तर सॉफ्टवेअर घेऊनही ते रिकामेच राहतील.

---

थंडगार४१६

बोर्डमास्तर, वेळेवरून फाळणी हे पटलं. पण इन्स्टॉलेशन कंत्राटीला दिलं की दोन महिन्यांत गॅस कमी असल्याची तक्रार येते. ते कसं थांबवायचं?

---

फ्लेअरनट

दोन महिन्यांत गॅस कमी म्हणजे दहापैकी नऊ वेळा फ्लेअर, म्हणजे पाईपचं पसरवून नटाने जोडलेलं तोंड. पाईप कापल्यावर आतली बर (कापताना उरलेली धारदार कड) काढताना पाईपचं तोंड खाली धरायचं, नाहीतर तांब्याचा भुगा आत जातो. बर काढलीच नाही तर फ्लेअरची कड चिरते आणि नट कितीही आवळला तरी बसत नाही. मग तो अजून आवळतात आणि नट फुटतो. टॉर्क पाना सक्तीचा करा: पाव इंची पाईपला १४ ते १८ न्यूटन मीटर, तीन-अष्टमांशला ३४ ते ४२. पाना तुम्ही विकत घेऊन द्या, हप्त्यात कापून घ्या. ‘हाताला अंदाज आहे’ हे ऐकून घ्यायचं नाही.

दुसरं व्हॅक्यूम, म्हणजे लाईनमधली हवा आणि ओल पंपाने खेचून काढणं. बरेच जण पंप आणतच नाहीत, युनिटमधलाच थोडा गॅस सोडून लाईनमधली हवा बाहेर काढतात. आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात हे चालून गेलं. हल्लीचा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे बंद खोलीत तो सोडायचा नसतो. शिवाय भरलेला गॅस मोजून दिलेला असतो, त्यातला जेवढा सोडला तेवढा कमी. आणि लाईनमध्ये हवा राहिली की डिस्चार्ज प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर तापतो, उन्हाळ्यात दुपारी ट्रिप होतो. गिऱ्हाईक म्हणतं नवीन एसी खराब निघाला.

मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजणारा) ५०० च्या खाली गेलं की व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा थोडा वर येऊन थांबला तर ओल आहे, पंप परत लावा. वर चढतच राहिला तर लीक आहे. त्याआधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट. ऑक्सिजनने कधीही नाही, तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

म्हणून पैसे फोटोवर द्या. इन्स्टॉलेशनचं बिल पास व्हायला चार फोटो: नायट्रोजनचा गेज, दहा मिनिटांनंतरचा मायक्रॉन गेज, टॉर्क पाना नटवर असताना, आणि बाहेरच्या युनिटचं स्टँड-बोल्ट. चारांतला एक नसेल तर बिल पुढच्या आठवड्यात.

गॅस चार्जिंगला वेगळा नियम. सिलिंडर काट्यावर ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन, दोन्ही फोटो, सोबत युनिटच्या प्लेटचा फोटो. किती ग्रॅम भरायचा ते प्लेटवर छापलेलं असतं. जास्तीच्या पाईपला मीटरमागे किती वाढवायचा तेही त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. नुसतं प्रेशर बघून इन्व्हर्टर एसीत गॅस भरला की चुकतोच, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशर बदलतं. या काट्यामुळे ‘गॅस भरला’ म्हणून फक्त बिल भरणारेही आपोआप गळतात. आणि लीक न शोधता टॉप-अप केलेला कॉल क्लोज धरायचा नाही.

---

खतावणी

दराचं मी सांगतो. लांबचा कॉल जबरदस्तीने देऊ नका, अंतराचे पैसे द्या. समजा शहरातले १२ किलोमीटर जॉबदरातच धरले, त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला जाण्या-येण्याचे ५-५ रुपये. पन्हाळा साधारण वीस किलोमीटर म्हणजे ८ गुणिले १०, ऐंशी रुपये. ऐंशी रुपयांसाठी तुमचा कॉल दिवसभर पडून राहत होता हे लक्षात घ्या. एकाच पट्ट्यातले तीन कॉल बांधून एकत्र दिलेत तर त्यालाही परवडतं.

रिपीटसाठी प्रत्येक बिलाचे १० टक्के ३० दिवस राखून ठेवा. रिपीट नाही आला तर पुढच्या पगारवारी चुकते करा, न विसरता. राखीव पैसे अडकवून ठेवणाऱ्या मालकाकडे चांगला मेकॅनिक टिकत नाही.

टीडीएस: एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची बेरीज १ लाखाच्या वर गेली की कापायचा. एकट्या व्यक्तीला १ टक्का, भागीदारी फर्म किंवा कंपनीला २ टक्के, पॅन दिला नाही तर २०. तुमचं दुकान स्वतःच्या नावावर असेल तर आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल तरच ही जबाबदारी येते. फर्म असेल तर येतेच. सीझनमध्ये रोज तीन कॉल करणारा माणूस लाखाचा आकडा लवकर ओलांडतो, म्हणून एप्रिलपासूनच बेरीज ठेवा. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही.

आणि कंत्राटी म्हणता तर कंत्राटीसारखं वागवा. सकाळी नऊची हजेरी, तुमचा युनिफॉर्म, दुसरीकडे काम करायला बंदी आणि महिन्याला ठरलेली रक्कम असं सगळं केलंत तर उद्या तो ‘मी इथला कामगारच’ म्हणाला की कागद त्याच्याच बाजूने बोलतील. कॉल नाकारायचा हक्क त्याला असू द्या. फक्त दहा मिनिटांत हो-नाही कळवायचं, नाहीतर कॉल पुढच्याकडे.

विम्याचं विसरू नका. बाहेरचं युनिट तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर असतं. तुमच्या डब्ल्यूसी पॉलिसीत (कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा) एकट्याने काम करणारा कंत्राटी बसतोच असं नाही. एजंटकडून लेखी घ्या आणि प्रत्येकाकडून वैयक्तिक अपघात पॉलिसीची प्रत मागा. हार्नेस दुकानातून द्यायचा, दोन तरी.

---

घाटावरचा

बोर्डमास्तरांचं शहरापुरतं बरोबर, पण गडहिंग्लज, आजरा, चंदगडला ते चालणार नाही. गडहिंग्लज साठ-पासष्ट किलोमीटर, चंदगड शंभरच्या पुढे. तिथे ‘उघडून बघायचं’ काम पगारीला दिलं की एका कॉलमध्ये त्याचा दिवस गेला. तिकडे स्थानिक कंत्राटीच हवा आणि निदानही त्यालाच करू द्यावं लागतं. फक्त दर दोन भागांत करा: निदानाचे वेगळे पैसे, दुरुस्तीचे वेगळे. निदानाचे पैसे काही बदललं नाही तरी मिळतात म्हटल्यावर उगाच पीसीबी बदलण्याचा मोह राहत नाही. निदान करताना दुकानातल्या जाणत्या पोराला व्हिडिओ कॉल: कपॅसिटर मीटरवर किती मायक्रोफॅरड दाखवतो, सेन्सर खोलीच्या तापमानाला किती किलोओम, कॉम्प्रेसर किती ॲम्पिअर घेतो. हे तीन आकडे कळले की निम्म्या कॉलचा उलगडा होतो.

निघण्याआधी फोनवर विचारायचंच: प्लगला व्होल्टेज किती, बाहेरचा पंखा फिरतो का, डिस्प्लेवरच्या कोडचा फोटो. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि एसी नुसता बंद-चालू होतो. त्यासाठी मेकॅनिक नको, स्टॅबिलायझर हवा.

पावसाळ्याची वाटणी वेगळी लिहून ठेवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि नदीपलीकडचं सगळं तुटलं. केर्लीजवळ पाणी आलं की पन्हाळ्याकडचा रस्ताही जातो. पाणी ३५ फुटांवर गेलं की एक बल्क कूलरवाला पोरगा आणि पार्टचा एक पूर्ण संच हातकणंगले-इचलकरंजी बाजूला मुक्कामी पाठवा. बंधाऱ्याचा आकडा रोज सकाळी तुमच्या त्या शीटच्या वरच लिहा.

---

थंडगार४१६

एकच राहिलं. रिपीट आला तर मूळ माणसालाच पाठवायचं की दुसऱ्याला?

---

बोर्डमास्तर

घाटावरच्यांचं चंदगडबद्दल मान्य, निदानाचा वेगळा दर चांगला आहे.

रिपीटला पहिल्या वेळी मूळ माणूसच, फुकट, २४ तासांत. तो नाही म्हणाला किंवा त्याच युनिटचा दुसरा रिपीट आला तर पगारी माणूस जातो आणि मूळ माणसाच्या राखीव १० टक्क्यांतून त्या खणाचा खर्च वजा होतो. पण पगारी माणसाने जाऊन काय सापडलं ते फोटोसकट लिहिलं पाहिजे. फ्लेअर गळत असेल तर पैसे कापा. उंदराने वायर कुरतडली असेल तर तो रिपीट नाही, नवीन कॉल आहे, त्याचं बिल गिऱ्हाइकाला. हा फरक करणारा माणूस ऑफिसात एकच असू दे, आणि तो मालक नसावा.