अनुभव धागा : गालिचे आणि सोफे व्यावसायिकांकडून स्वच्छ करून घेताना

वडिलांनी १९८६ साली श्रीनगरहून आणलेला, हाताने गाठी मारून विणलेला गालिचा आमच्या ठाण्याच्या घरात इतकी वर्षे सुखाने नांदला आणि मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत मी तो एका दुपारीत बिघडवून घेतला. घरी येऊन सोफा, गाद्या व गालिचे स्वच्छ करून देणाऱ्या एका सेवेची दोन माणसे आली. सोफ्यावर वापरलेलाच शॅम्पू त्यांनी गालिच्यावर फवारला, फिरत्या ब्रशने भरपूर फेस काढला आणि तो ओला गालिचा तसाच फरशीवर पसरून ठेवून ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तो किनारीचा डाळिंबी रंग मधल्या मोतिया भागात उतरलेला होता आणि खोलीभर ओल्या मेंढीसारखा वास सुटला होता. सगळा दोष त्यांच्या माथी मारावा असे मला वाटत नाही, कारण गालिचा कशाचा आहे हे जसे त्यांनी विचारले नाही, तसे मीही सांगितले नाही.

अशी कामे ज्यांनी करून घेतली आहेत त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. वस्तू कशाची होती, नेमके काय केले गेले आणि ती वाळायला किती वेळ लागला, हे आवर्जून सांगावे. सेवा देणाऱ्यांची नावे नकोत. मला पद्धती समजून घ्यायच्या आहेत.

कोथरूड, पुणे

नातवाच्या बारशाला आमच्या बदामी रंगाच्या सुती सोफ्यावर आमटीची वाटी कलंडली. मी घाईघाईने कपड्यांचा साबण घेऊन डाग घासला, तर पिवळा डाग पाहता पाहता लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकू होते हे लहानपणापासून ठाऊक असूनही साबण अल्कधर्मी असतो हे त्या क्षणी सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी पातळ व्हिनेगरच्या पाण्याने डाग पुन्हा पिवळ्यावर आणला आणि मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने, मुळीच न घासता, कडेकडून मध्याकडे टिपत टिपत बराचसा काढला. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र विरघळतो, असे त्यांनी सांगितले. उरलेली पिवळसर छटा घालवायला त्यांनी आणखी कोणतेही रसायन वापरले नाही. कुशनची खोळ काढून दोन दिवस कडक उन्हात ठेवायला सांगितली आणि तेवढ्याने ती गेली.

रत्नागिरी

आमचा अनुभव सफाईचा नसून सफाईनंतरचा आहे. मे महिन्यात लोकरीचा गालिचा व्यवस्थित धुऊन आणला आणि पावसाळ्यात खराब होऊ नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पलंगाखाली सरकवला. दसऱ्याला उघडला तेव्हा एका टोकाला बुरशीचे काळे ठिपके होते आणि आतल्या वळणात कसरीने जागोजागी लोकर कुरतडलेली होती. ज्यांनी तो धुतला होता त्यांना दाखवल्यावर समजले की प्लॅस्टिकमध्ये आतली दमट हवा कोंडून राहते, आणि कसरीच्या अळ्यांना अंधारी, हलवाहलव नसलेली जागाच हवी असते. आता तो जुन्या सुती चादरीत गुंडाळून उभा ठेवतो आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली की उलगडून झटकतो. घडी घालत नाही, कारण घडीच्या रेषेवर ताण येऊन खालचा सुती ताणा तुटू शकतो.

दादर, मुंबई (हेच काम करणारा)

ताई, मी अठरा वर्षे या व्यवसायात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुमच्या गालिच्याच्या बाबतीत पाणी लागण्याआधीच तीन गोष्टी राहून गेल्या.

पहिली म्हणजे धूळ. गालिच्यातली बरीचशी घाण ही कोरडी माती आणि बारीक वाळूच असते आणि ती मुळाशी, गाठींजवळ बसते. ती न काढता पाणी घातले की आत चिखल होतो, आणि तशीच राहू दिली तर प्रत्येक पावलाखाली ती लोकरीचे तंतू कापत राहते. म्हणून आम्ही गालिचा आधी उलटा घालून मागून ठोकतो, पुन्हा सुलटा करून व्हॅक्यूम फिरवतो, आणि धूळ पडायची थांबेपर्यंत हे चालते. गिऱ्हाइकाला यात काहीच घडताना दिसत नाही, त्यामुळे घाईत असलेली माणसे नेमके हेच काम गाळतात.

दुसरी म्हणजे तंतूची ओळख. मागून किंवा कडेने एखादा तंतू उपटून चिमट्यात धरून जाळावा. जळक्या केसांचा वास येऊन बोटांनी चुरडणारी राख राहिली तर लोकर किंवा रेशीम, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा, आणि कागदासारखा भुरकन जळाला तर सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून बनवलेला धागा) समजावे. ‘बांबू सिल्क’ म्हणून विकले जाणारे गालिचे बहुधा व्हिस्कोसचे असतात. ओले झाल्यावर हा धागा फार कमकुवत होतो, त्याची चमक जाते आणि तो पिवळट पडतो. माझ्या हातून सुरुवातीच्या काळात असा एक गालिचा वाया गेला आणि त्याचे पैसे मला भरून द्यावे लागले.

तिसरी म्हणजे रंगाची परीक्षा. प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल आणि निळ्यावर, ज्या द्रावणाने धुवायचे आहे त्यात भिजवलेले पांढरे फडके काही मिनिटे दाबून धरायचे. फडक्याला रंग लागला तर तो गालिचा पाण्याने धुवायचाच नाही किंवा आम्लधर्मी द्रावणाने जपून धुवायचा. लोकर म्हणजे शेवटी केसच. कपड्यांच्या पावडरीचे पाणी तिला सोसत नाही, आणि क्लोरिनचे ब्लीच तर तिला अक्षरशः विरघळवते.

सोफ्याचे गणित वेगळे आहे, कारण तो उलटा करून धुता येत नाही आणि आतला फोम पाणी पिऊन बसतो. ज्याला सगळे ‘स्टीम’ म्हणतात त्यात बहुतेक वेळा वाफ नसून गरम पाण्याचा फवारा असतो, आणि ते पाणी यंत्राने लगेच खेचून घ्यायचे असते. एकदा फवारल्यावर दोन-तीन वेळा नुसते खेचणारा माणूस चांगला समजावा. सुती कापड फार भिजून सावकाश वाळले तर तंतूंमधला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर येऊन कडांना चहासारख्या रेघा उमटतात, आणि मग गिऱ्हाईक म्हणते की सोफा आधी बरा होता. मुंबईच्या जुलैत पंखा लावूनसुद्धा जाड गालिचा वेळेत वाळत नाही, म्हणून आषाढ-श्रावणात मी मोठे गालिचे घेतच नाही.

डोंबिवली

आमच्या सोफ्याच्या कृत्रिम चामड्याचे चौथ्याच वर्षी पोपडे निघू लागले. एकाने ‘कंडिशनिंग’ म्हणून दोनदा पैसे घेतले. दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की दमट हवेने वरचा पॉलियुरेथेनचा थरच विघटित झाला आहे आणि त्यावर कोणतेही पॉलिश चालणार नाही. शेवटी सांगाडा तोच ठेवून नवे कापड चढवून घेतले.

न्यू जर्सी

इकडे पुष्कळ सोफ्यांच्या कुशनखालच्या चिठ्ठीवर एक इंग्रजी अक्षर छापलेले असते: ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्याचे द्रावण चालेल, ‘एस’ म्हणजे पाणी नको, फक्त विद्रावक (स्पिरिटसारखे डाग विरघळवणारे द्रव), आणि ‘एक्स’ म्हणजे केवळ व्हॅक्यूम. मी ‘एस’च्या सोफ्यावर ओले फडके फिरवले आणि उमटलेला गोल डाग गेली दोन वर्षे उशीखाली झाकते आहे.

धागाकर्ती, ठाणे

दादा, आपण सांगितल्याप्रमाणे एक तंतू जाळून पाहिला. जळक्या केसांचाच वास आला. काल गच्चीवर गालिचा उलटा घालून मागून ठोकला तेव्हा वर्तमानपत्रावर ओंजळभर बारीक वाळू पडली, म्हणजे मागच्या दिवाळीत त्यांनी ती भिजवून तशीच आत ठेवली होती. मागच्या बाजूने मात्र मोतिया रंग अजून मोतियाच आहे. डाळिंबी छटा फक्त वरच्या टोकांना लागलेली दिसते. पाऊस सरल्यावर तो आपल्याकडे घेऊन येते. तोवर तो उलटाच अंथरला आहे.