मुंबईत दोन दिवस: म्युझियम बघायचं की समुद्र?

पाचोऱ्याचा पाव्हणा

मागच्या दिवाळीत आम्ही पाच जण (आई, बायको, दोन पोरं आणि मी) एका टूरवाल्याच्या बसने 'मुंबई दर्शन' करून आलो. एका दिवसात अकरा ठिकाणं. गेट वेला वीस मिनिटं. म्युझियम म्हणजे बसमधूनच "ते बघा घुमटवालं". हाजी अली पुलावरून. मरीन ड्राइव्हला उतरलो तर पाच मिनिटांत ड्रायव्हरचा हॉर्न सुरू. रात्री आईला विचारलं काय आवडलं, तर म्हणे, "खिडकीची जागा बरी भेटली."

यंदा परत जातोय, स्वतःच्या हिमतीवर, रात्रीच्या गाडीने. दोन दिवस, दोनच ठिकाणं. पहिल्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दुसऱ्या दिवशी घारापुरीची लेणी. बाकी मुंबई वाटेत दिसेल तेवढी. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या खान्देशातली माणसं मुंबईला जाऊन काहीच पाहत नाहीत, फक्त हजेरी लावून येतात. बोला.

केळीबाग रावेर

काय भो, तुम्ही मास्तर आहात का? आमच्याकडे मुंबईचा योग दहा वर्षांतून एकदा येतो, तोही दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने. त्या माणसाला चार तास काचेच्या कपाटांसमोर उभं करणार? पोरं अर्ध्या तासात भूक लागली म्हणतील आणि आई बाकडं शोधेल. बोअर आटलेल्या गावचा माणूस समुद्र बघायला जातो. जन्मात पहिल्यांदा एवढं पाणी बघितलं की तो गप होतो. ते गप होणं तुमच्या कोणत्या दालनात मिळतं? गेट वे, राणीचा हार (म्हणजे मरीन ड्राइव्हचे दिवे), सिद्धिविनायक, गिरगाव चौपाटीवर भेळ. झाली मुंबई. गावात परत आल्यावर लोक हेच विचारतात, "समुद्र पाहेल का?" अकबराची ढाल पाहिली का, असं कोणी विचारत नाही.

पाचोऱ्याचा पाव्हणा

ढालच नाही, अकबराचं चिलखतही आहे तिथे! आणि इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचे. पोरांसाठी पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आहेत, त्यामुळे भुकेची तक्रार तासभर तरी पुढे जाते. गंमत अशी की तुमचं गेट वे आणि माझं म्युझियम एकाच माणसाच्या हातचं, जॉर्ज विटेटच्या. म्युझियम 1922 ला लोकांसाठी उघडलं, गेट वे 1924 ला पूर्ण झालं. दोन्हींत चालत दहा मिनिटांचं अंतर. तुम्ही कमानीसमोर फोटो काढून परत फिरता, एवढाच माझा राग.

चाळीसगाव जंक्शन

दोघेही ज्या इमारतीतून बाहेर पडणार तिच्याकडे मान वर करून बघणार नाहीत, हे मी लिहून देतो. सीएसएमटी! 1878 ला काम सुरू झालं, बांधायला दहा वर्षं लागली, स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने बांधलं, 2004 पासून जागतिक वारसा. आपला माणूस तिथे उतरला की पहिलं वाक्य असतं, "बॅगा मोजा." सामान क्लोकरूमला टाका (कुलूप लावलेलं असेल तरच घेतात), रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि वर बघा. माकडं, मोर, पानं-फुलं, सगळं दगडात. एक रुपया लागत नाही. पोरांना सांगा, 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी ह्याच भागातून, बोरीबंदरहून ठाण्याला सुटली. तीच लाइन वाढत वाढत आपल्या दारात आली, म्हणून भुसावळ हे भुसावळ झालं. खान्देशच्या माणसाने मुंबईत एकच गोष्ट बघायची असेल तर ही.

आणि एक टोमणा, राग मानू नका. म्युझियमची एवढी हौस असेल तर चाळीसगाव स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूसचं घर आहे. जन्माने मुंबईचा पारशी, आयुष्य काढलं आमच्या गावात, तेही वर्षानुवर्षं घराचा उंबरा न ओलांडता. आणि फोटो असे की बघत बसावं. पाचोऱ्याहून पाऊण तासाची वाट. पाहेल आहे का?

पाचोऱ्याचा पाव्हणा

नाही पाहिलं. लागलं मनाला.

धुळ्याचा भाचा

भाऊ, तुन्हं म्हननं खरं शे, पन अजिंठा आपल्या उशाला असताना घारापुरी कशाला? पाचोऱ्याहून दोन तासांत अजिंठ्याच्या पायथ्याचं फर्दापूर. लेणी बघायला बोटीत बसायचं, वर शंभर-सव्वाशे पायऱ्या, माकडं हातातली पिशवी ओढणार. मुंबईत जे आपल्याकडे नाही ते बघा ना. डबलडेकर बस, भुयारी मेट्रो, सी लिंक. माझ्या पुतण्याला मेट्रोचा सरकता जिना सगळ्यात जास्त आवडला. चार वेळा वरखाली केलं.

अमळनेरची लेक, मुक्काम डोंबिवली

वीस वर्षं झाली इथे. दर सुट्टीत माहेरचे पाहुणे येतात, त्यामुळे ह्या विषयात माझी पीएचडी झाली आहे.

धुळेकर भाऊ, अजिंठा आणि घारापुरीची तुलना करू नका. अजिंठ्याला रंग बघायला जायचं, बुद्धाच्या कथा भिंतीवर. घारापुरी शंकराची आहे. अंधारात डोळे सरावले की समोर वीस फुटांच्या आसपास उंचीचं तीन मुखांचं सदाशिवाचं शिल्प उभं राहतं. एक पाहिलं म्हणून दुसरं पाहून झालं, असं होत नाही. पाव्हणे, तुमच्या बेतात मात्र खोट आहे. घारापुरी सोमवारी बंद असते. बोटीला जाताना तास, येताना तास, धक्क्यापासून चालणं वेगळं. आईंचे गुडघे कसे आहेत? डोलीवाले मिळतात, पण माझी आई डोलीत बसायला लाजली आणि खाली सरबत पीत बसली.

त्यापेक्षा भायखळ्याला जा. राणीबागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, 1872 पासूनचं. लहानसं आहे, दीड तासात आरामात होतं. आत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती, कोणाची पगडी कशी, कोणाचा धंदा काय. आई तिथे रमली. "ही पगडी आमच्या आजोबांसारखी" करत तिने अख्खं दालन आम्हालाच दाखवलं. बाहेर दगडी हत्ती आहे. ज्या हत्तीवरून घारापुरीला 'एलिफंटा' नाव पडलं, तो हाच. इंग्रज विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला, मग जोडून इथे ठेवला. काळा घोडा चौकातला मूळ घोडाही इथेच आहे, 1965 ला तिथून हलवला. चौकात आता बिनस्वाराचा नवा घोडा आहे. म्हणजे हत्तीही भायखळ्यात, घोडाही भायखळ्यात आणि माणसं शोधतात दुसरीकडे. पोरांना शेजारी पेंग्विन. फक्त बुधवारी जाऊ नका, म्युझियम आणि बाग दोन्ही बंद. माझ्या भावजयीने बुधवारीच नेलं होतं सगळ्यांना. अजून बोलणी खाते.

जामनेर ते दादर

तुमच्या याद्यांत दादर फक्त गाडी बदलायला येतं. आमच्या घरात मुंबई म्हणजे आधी चैत्यभूमी, मग हिंदू कॉलनीतलं राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधलेलं घर. वडील सहा डिसेंबरला जायचे, शिदोरीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. मी मुलीला गर्दी नसलेल्या दिवशी नेलं. ती टेबल आणि चष्म्यासमोर बराच वेळ उभी राहिली. तिला कोणी बाकडं शोधून द्यावं लागलं नाही, रावेरकर. माणसाला म्युझियमचा कंटाळा येत नाही, परक्या वस्तूंचा येतो.

केळीबाग रावेर

हे मात्र मान्य. पण मग माझंही तेच झालं ना? माझ्या बापाला समुद्र आपला वाटतो, ढाल परकी. प्रत्येकाने आपापलं बघावं, पाव्हण्यांनी सगळ्या खान्देशाला शाळेत बसवू नये.

पाचोऱ्याचा पाव्हणा

पूर्ण पटलं नाही. आपलं काय हे आधी कोणी दाखवल्याशिवाय कळतं कुठे? मी चाळिशीत पहिल्यांदा म्युझियमचं नाव काढतोय, कारण लहानपणी मलाही चौपाटीवरूनच परत आणलं होतं.

पण घारापुरी रद्द. पहिला दिवस म्युझियम, चार वाजता बाहेर, चालत गेट वे, मग मरीन ड्राइव्हला अंधार पडेपर्यंत, हॉर्नशिवाय. दुसरा दिवस भायखळा. आईला हा बेत वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, मरीन ड्राइव्हला बसायला कट्टा आहे का.

अमळनेरची लेक, मुक्काम डोंबिवली

आहे. चांगला लांबलचक. दिवसा तापतो, उन्हं उतरल्यावरच बसवा. आणि येताना माझ्यासाठी भरिताची दोन वांगी आणा, इथल्यांना ती चव नाही.