बार्बेरियनला ग्रेटॲक्स की ग्रेटसोर्ड? की सरळ ढाल घेऊ?

प्रश्न – वीसबाजू
आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या एडिशनचे २०१४ चे रूल्स खेळतो, माझं पात्र बार्बेरियन (रागाच्या भरात लढणारा योद्धा), लेव्हल ३, स्ट्रेंग्थ १६, हातात पहिल्यापासून ग्रेटॲक्स (दोन हातांची कुऱ्हाड) कारण तो १२ बाजूंचा फासा टाकायला मला जाम आवडतो. पण मागच्या सेशनला ओगर नावाच्या राक्षसावर सलग तीन हिट लागले आणि फासा पडला १, २, २. ओगर उभाच, आणि त्याच्या पुढच्या फटक्यात आमची क्लेरिक (सगळ्यांना बरं करणारी साथीदार) आडवी. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कोणी म्हणतं ग्रेटसोर्ड (दोन हातांची तलवार) घे, कोणी म्हणतं लाँगसोर्ड (एका हातानेही चालणारी तलवार) आणि ढाल घे. वर डीएम (खेळ चालवणारा) म्हणतोय पुढच्या वेळेपासून कुठलं हत्यार कुठल्या चिलखतावर चालतं त्याचं टेबल लावूया. काय करू?

फासेवेडा
सरासरी बघशील तर कुऱ्हाडीचा १डी१२ (१२ बाजूंचा एक फासा) म्हणजे ६.५ आणि ग्रेटसोर्डचे २डी६ (६ बाजूंचे दोन फासे) म्हणजे ७, अर्ध्या पॉइंटसाठी कोणी भांडू नये. पण तुला जे झोंबलं ते वेगळं आहे. १डी१२ वर ३ किंवा कमी पडायची शक्यता चारात एक, २डी६ वर बारात एक. म्हणून ग्रेटसोर्ड घे. हाफ-ऑर्क जमातीचा असशील तर मात्र क्रिटिकलला (हिटच्या फाशावर २० पडल्यावर) कुऱ्हाडीला जादा १डी१२ मिळतो आणि तलवारीला जादा १डी६च, मग फरक जवळपास मिटतो, आवडतं ते ठेव.

ढालकरी
ढालीला कमी लेखू नका. एसी (हिट लागायला गाठावा लागणारा आकडा) १५ चा १७ झाला की हिटसाठी २० बाजूंच्या फाशात +५ मिळवणाऱ्या शत्रूला २० पैकी ११ ऐवजी ९ आकड्यांवरच हिट मिळतो. पण लेव्हल ४ ला ग्रेट वेपन मास्टर हे खास कौशल्य घ्यायचा विचार असेल तर ढाल विसर, त्याचं -५ हिट +१० डॅमेज (हिटच्या फाशात ५ कमी, लागला तर डॅमेज १० जास्त) हेवी हत्यारालाच लागू होतं आणि लाँगसोर्ड हेवी नाही. ते रेकलेस अटॅकसोबत (बेफाम वार, हिटसाठी दोन फासे टाकून मोठा धरायचा) वापर. एसी १५ समोर ग्रेटसोर्डने नुसतं रेकलेस मारलंस तर टर्नला साधारण ८ डॅमेज, -५ घेऊन साधारण १०, रेज (रागाचं जादा डॅमेज) आणि क्रिटिकल सोडून. रेकलेस नसताना एसी १८ वाल्यावर -५ घेतलंस तर उलट नुकसानच.

जुना डीएम
टेबलबद्दल कळकळीने सांगतो, नको. १९७४ च्या मूळ रूल्समध्ये सगळ्या हत्यारांना एकच डी६ होता, वेगवेगळं डॅमेज १९७५ च्या सप्लिमेंटमध्ये आलं, आणि १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात चिलखताप्रमाणे हिटला प्लस-मायनस देणारं टेबल होतं. ते मी वर्षभर चालवलंय. प्रत्येक अटॅकला पान उघडा, बोट ठेवून रकाना शोधा, तोवर बाकीचे कंटाळलेले, आणि अस्वलाची कातडी कुठल्या चिलखतात धरायची यावर अर्धा तास वाद. शेवटी मीच बंद केलं. तुमच्या डीएमला सांग की डॅमेज टाइप (कापणारं, भोसकणारं, ठेचणारं) आहेतच ना, सांगाड्यांना ठेचणारं डॅमेज दुप्पट बसतं, असे शत्रू जास्त आणा म्हणजे हत्यार बदलायला आपोआप कारण मिळतं.

वीसबाजू
हाफ-ऑर्कच आहे मी! मग कुऱ्हाड राहू दे, पाठीला एक मॉल (मोठा हातोडा) बांधतो सांगाड्यांसाठी आणि लेव्हल ४ ला ग्रेट वेपन मास्टर. सांगाड्यांचं डीएमला आजच कळवतो.