जिन शब्द आला कुठून? कापसाची जिन, दारूची जिन आणि बीटीतला जीन

शब्दवेल्हाळ, धुळे
राम राम मंडळी. आठवीच्या मुलांसाठी रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांचा तक्ता करतोय. आपल्याकडे ‘जिनमा कापूस गया’ असं सर्रास म्हणतात, पण जिन म्हणजे नेमकं काय? दारूच्या जिनशी त्याचं नातं आहे का? बीटी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या कापसाच्या बियाण्यातला ‘जीन’ वेगळा की तोच? तक्त्यात चूक नको, म्हणून विचारतो.

तापीकाठ, भुसावळ
कापसाची जिन म्हणजे ‘इंजिन’ची तुटलेली शेपटी. लॅटिनमध्ये ‘इन्जेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘आंजां’ आला, अर्थ कौशल्य, युक्ती आणि युक्तीने बनवलेलं साधन. इंग्रजीत येताना पुढचा स्वर गळाला आणि जिन उरलं. सुरुवातीला युक्ती, जनावर धरायचा फास, वजन उचलायची कप्पी, सगळ्यालाच जिन म्हणत. टॉवर उभारणारे वजन वर चढवायच्या खांबाला अजूनही ‘जिन पोल’ म्हणतात, तो हाच शब्द. इंजिनियरही याच घरातला.

दारूची जिन पूर्ण वेगळी. ती ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा स्वाद दिलेली असते. डच लोक तिला ‘येनेव्हर’ म्हणत, इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते आखडून जिन केलं. दोन शब्दांचा उच्चार जुळला एवढंच.

सरकीवाला, जळगाव
यंत्राचं मी सांगतो, कारण तक्त्यात ‘जिन म्हणजे कापूस पिंजायचं यंत्र’ असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं आणि ते चूक आहे. पिंजणं म्हणजे रुई मोकळी करणं. जिन फक्त रुई आणि सरकी (कापसाचं बी) वेगळी करते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर जिन असते. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर, त्यांना टेकलेली स्थिर सुरी आणि वरखाली हलणारी दुसरी सुरी. रोलरचा खरबरीत पृष्ठभाग तंतू धरून सुरीखालून ओढतो. सरकी त्या फटीत मावत नाही, ती तिथेच अडते, आणि हलती सुरी तिला टोले मारून खाली जाळीवर पाडते. सगळी गंमत त्या फटीत आहे. सुरीचा दाब कमी पडला की सरकीला रुई चिकटून राहते, जास्त झाला की रोलर तापतो, चामडं जळतं आणि रुईला डाग लागतात. रोलर घासून गुळगुळीत झाला तर तंतू धरतच नाही, म्हणून त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात.

ओला कापूस आला तर मोठाच घोळ. तंतू रोलरला गुंडाळतात, नरम सरकी फुटते, तिचं तेल आणि टरफल रुईत जातं. म्हणूनच ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा चांगला मानतात. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई पडते, बाकी सरकी आणि थोडी घट. म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. मुलांना हा हिशोब जरूर द्या.

अमेरिकेत एली व्हिटनीने १७९४ मध्ये पेटंट घेतलेली जिन वेगळ्या पद्धतीची. दाते रुईला जाळीच्या सळ्यांमधून ओढत आणि ब्रश ती झटकून घेई. तिथूनच पुढे करवती जिन आली. काम झपाट्याचं, पण लांब धाग्याला ती कठोर पडते. म्हणून ‘व्हिटनीने जिन शोधली’ एवढंच लिहू नका. एका लाटण्याचं साधं साधन अजिंठ्याच्या चित्रांत दिसतं असं अभ्यासक मानतात, आणि अजिंठा तर आपल्या उशाशीच आहे.

शब्दवेल्हाळ, धुळे
फार मोलाची माहिती दिलीत, दादा. बीटीतला जीन राहिला.

तापीकाठ, भुसावळ
तो ‘जी’ दीर्घ. जीन म्हणजे आईबापाचे गुण पुढच्या पिढीत नेणारा घटक. हा शब्द डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ मध्ये ग्रीक शब्दावरून घडवला, अर्थ वंश, उत्पत्ती. इथे एक सुंदर धागा आहे. इन्जेनियममधला ‘जेन’, ग्रीकमधला ‘गेन’ आणि संस्कृतमधला ‘जन्’ हे एकाच मूळ धातूचे. जन्म, जनक यांचे ते भाऊबंद. म्हणजे कापसाची जिन आणि बीटीतला जीन हे शब्द दूरचे नातेवाईक ठरतात, दारूची जिन मात्र परकीच.

जीन्सची पँट यात धरू नका, ते नाव इटलीच्या जिनोआ शहरावरून आलं. आणि घोड्यावरचं जीन फारसी ‘झीन’वरून, त्याचा इंग्रजीशी काही संबंध नाही. तक्त्यात जिन ऱ्हस्व आणि जीन दीर्घ असं वेगळं छापा, मुलं तिथेच गोंधळतात.