मदत हवी आहे: कोकणातल्या पावसाळ्यासाठी फाटी (जळणाची लाकडं) कशी रचावीत?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात आमचं जुनं घर आहे. आता आम्ही दोघं वर्षातले बरेचसे महिने तिथेच असतो. घरात गॅस आहे, गीझरही आहे, पण पावसात वीज गेली की गीझर काय कामाचा? शिवाय खरं सांगायचं तर तांब्याच्या बंबातल्या कढत पाण्याची चटक लागली आहे. संध्याकाळी मागच्या पडवीतली चूलही पेटते. तिच्यावर पिठलं होतं, निखाऱ्यात आठळ्या भाजल्या जातात आणि बाहेर पाऊस कोसळत असला तरी तिथून उठवत नाही.

अडतंय ते फाटींपाशी. गेल्या वर्षी एप्रिलअखेर टेम्पोभर घेतली. त्यात आकेशिया जास्त, थोडा आंबा आणि काजू. देणारा म्हणाला, "सुकी आहेत, बिनधास्त रचा." बारीक फांद्यांपासून मांडीएवढ्या ओंडक्यांपर्यंत सगळं होतं, आणि जाड ओंडके न फोडता तसेच राहिले. पडवीच्या भिंतीला लागून कोब्यावर थप्पी लावली. वर पत्रा होता आणि झड येऊ नये म्हणून पुढून ताडपत्री पार जमिनीपर्यंत सोडली होती.

जुलैत ताडपत्री उचलली तर आत कुबट वास आणि सालीवर पांढरी बुरशी. जाड लाकूड चुलीत घातलं की एक टोक धुमसायचं, दुसऱ्या टोकाला फेस यायचा आणि सूं सूं आवाज सुरू. अर्धा तास फुंकणी फुंकूनही जाळ धरायचं नाही. आंब्याच्या फाटींखाली पिवळसर पिठाच्या बारीक राशी पडल्या होत्या. त्यात भर म्हणजे गडी खालची फाटी ओढत असताना फुरसं, म्हणजे विषारी साप, निघालं. तेव्हापासून आमच्या ह्यांचं एकच पालुपद, "गॅसवर काय वाईट होतं?"

आता थंडी पडली आहे, म्हणजे पुढच्या पावसाळ्याची फाटी आत्ताच घ्यावीत का? भिंतीपासून किती सोडून रचायची? ताडपत्री लावायची की नाही? आणि पावसातल्या दमट हवेनं सुकी फाटीसुद्धा ओली होतात, हे खरं का?

खालची आळी:
ताई, फेस येतो ही खूण महत्त्वाची. तो हवेच्या दमटपणाचा नव्हे, लाकडाच्या पोटातल्या पाण्याचा. पावसाळ्यात आपल्याकडे हवेची आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते, पण छपराखालचं सुकं लाकूड त्या हवेतून पाणी ओढून ओढून विसेक टक्क्यांपर्यंतच जातं. ते जरा कुरकुरतं, धूर जास्त करतं, पण पेटतं. ताज्या तोडीच्या लाकडात मात्र निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे तुमची फाटी पावसात भिजली नाहीत, ती मुळातच ओली आली.

लिटरभर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट त्याच पाण्याची सगळी वाफ करायला लागते. ओलं लाकूड आपला जाळ त्यातच घालवतं, बंबातल्या पाण्याला काय मिळणार?

म्हणून फाटी आत्ताच घ्या, आणि घेतल्या घेतल्या फोडा. साल पाणी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे अखंड ओंडका वर्षभर छपराखाली ठेवलात तरी मधोमध ओला राहू शकतो. मनगटाएवढ्या चिरफळ्या करा. मेपर्यंत अंगणात उन्हावाऱ्यात राहू देत, एवढ्यात छपराखाली नेऊ नका. सुकलेली दोन फाटी एकमेकांवर आपटली की ठणठणीत वाजतात, टोकांना चिरा पडलेल्या दिसतात.

रानवारा:
वरच्या प्रतिसादाला +1. रचण्याबद्दल माझे दोन पैसे.

थप्पी कोब्यावर नको. जांभ्याचे चिरे मांडून त्यावर दोन आडवे वासे टाका. जमिनीपासून फूटभर उंच ठेवलं तर खालून वारा खेळतो आणि विजेरीच्या उजेडात तळ दिसतो. फुरशाला दडायला अंधारी, कोरडी सांदच लागते. फाटी नेहमी वरून काढायची, खालून ओढायची नाहीत, आणि हात घालण्याआधी काठीनं ठोकायचं. गड्यालाही हे बजावून सांगा. चावलंच तर थेट सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथेच मिळतं. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

भिंतीपासून वीतभर तरी सोडा, जास्त सोडलंत तर उत्तमच. वाळवी मातीचे बोगदे करत फाटींवरून भिंतीवर आणि तिथून छपराच्या वाशांपर्यंत जाते. पिठाच्या राशी मात्र वाळवीच्या नाहीत, त्या भुंग्याच्या किड्याच्या. आंब्याला तो हमखास लागतो, तेव्हा आंबा वेगळा रचा आणि सगळ्यात आधी जाळून संपवा. ताडपत्री फक्त झडीच्या बाजूला, तीही खाली हातभर मोकळी ठेवून. उघडीप मिळाली की वर गुंडाळायची.

चुलीपुढे हांडा:
एक राहिलं. चूल पेटलेली असताना पडवी सगळ्या बाजूंनी बंद करू नका. न्हाणीघरात बंबात निखारे असतील तर खिडकी उघडी हवीच. निखारे धूर करत नाहीत म्हणून माणूस बेसावध राहतो, पण कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच निघतो आणि त्याला वास नसतो. ओल्या लाकडावर बंब चालवलात, तेव्हा मधल्या नळीत काजळीचा थर बसला असणार. तो खरवडून काढा, पाणी लवकर तापेल.

आणि ऐन, किंजळ, आंबा, फणस स्वतःच्या जागेतला असला तरी तोडायला परवानगी लागते, 1964 चा कायदा आहे. आकेशियाच बरा. जाळाला दमदार, आणि सामाजिक वनीकरणानं इतका लावून ठेवलाय की तुटवडा नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! फेसाचं कोडं सुटलं. हे प्रतिसाद ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवले, आता चिरे आणायला तेच निघालेत. एकच शंका: साल सोलून काढायची का?

खालची आळी:
फोडलेल्या फाटींची नको, उगाच वेळ जातो. न फोडता ठेवणार असाल त्या गोल फांद्यांची काढा, किडा बहुतेक सालीखालीच घर करतो. निघालेली साल आणि फोडताना उडालेल्या ढलप्या पोत्यात भरून माळ्यावर टाका. नारळाच्या सोडणांबरोबर बंब पेटवायला त्याच लागतात.